‘एका लग्नासाठी पोपला हाकललं’ : एका लोकप्रिय समजुतीचा प्रतिवाद

इंग्लंडच्या इतिहासाविषयी एक मजकूर मराठीत वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. तो असा:

‘इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला दुसरं लग्न करायचं होतं. पोपने घटस्फोट नाकारला. तोवर हजार वर्षं इंग्लंडमधले पाद्री फक्त पोपचं ऐकत, राजाचा कायदा त्यांना लागूच नव्हता, आणि पोपच्या अधिकाराला हात घालायची कोणत्याही राजाची छाती नव्हती. हेन्रीने एका फटक्यात पोपला हाकललं, स्वतःचा नवा धर्म काढला आणि इंग्लंडचं चर्च मुक्त केलं.’

मजकूर सुटसुटीत आहे, म्हणूनच पुढे जातो. पण यातलं लग्न सोडलं तर जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि या चुकांपायी फार मोठी गोष्ट नजरेआड होते. इंग्लंडमधल्या पाद्र्यांवर पोपचा अधिकार कुठवर चालेल, हा वाद हेन्रीच्या जन्माआधी चारशे वर्षं सुरू होता. त्यातून कायदे झाले होते, ते कायदेपुस्तकात बसले होते, आणि हेन्रीने रोमशी नातं तोडताना सुरुवातीला तेच बाहेर काढले.

लग्नाचं आधी संपवतो. ते निमित्त खरंच होतं. हेन्रीने मागितला होता तो मात्र घटस्फोट नव्हे. त्याची बायको कॅथरीन ही त्याच्या वारलेल्या भावाची, आर्थरची, विधवा. तेव्हा आपलं लग्न मुळातच रद्दबातल आहे आणि त्यासाठी आधीच्या पोपने दिलेली सवलत चालणारी नाही, असा निवाडा त्याला हवा होता. तो देणं पोप सातव्या क्लेमेंटला अवघड होतं, कारण १५२७ च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेने रोम लुटलं होतं आणि चार्ल्स हा कॅथरीनचा भाचा होता. इथवर मजकुराची बाजू राखता येते.

‘कोणत्याही राजाची छाती नव्हती’

१०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या पहिल्या विल्यमपासून पाहू. कँटरबरीचा संन्यासी एडमर याने त्याचे नियम नोंदवून ठेवले आहेत. राजाच्या आज्ञेशिवाय कुणालाही पोप म्हणून मान्यता द्यायची नाही. पोपचं पत्र आलं तर ते आधी राजाला दाखवायचं, मगच घ्यायचं. धर्मसभेचा ठराव राजाच्या संमतीशिवाय लागू होणार नाही. राजाच्या सरदाराला किंवा अधिकाऱ्याला त्याच्या परवानगीवाचून बहिष्कृत करायचं नाही. पोप सातव्या ग्रेगरीने त्याच्याकडे निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा विल्यमने साफ कळवलं की शपथ घेणार नाही, मी तसं वचन दिलेलं नाही आणि माझ्या आधीच्या राजांनीही कधी ती घेतलेली नाही. मात्र रोमला जाणारा वार्षिक कर थकला होता, तो पाठवायचं त्याने मान्य केलं. पैसा देऊ, पण ताबेदारी पत्करणार नाही, ही भूमिका अकराव्या शतकातली आहे.

पुढे दुसऱ्या हेन्रीने ११६४ च्या जानेवारीत क्लॅरेंडन इथे १६ कलमं मांडली. गुन्हेगार पाद्र्याला शेवटी राजाच्या न्यायालयाची शिक्षा व्हावी, बिशपांनी राजाच्या परवानगीशिवाय देश सोडू नये, चर्चच्या खटल्यातलं अपील आर्चबिशपपर्यंत जावं आणि राजाच्या संमतीविना त्यापलीकडे, म्हणजे रोमला, जाऊ नये. आर्चबिशप थॉमस बेकेट याच्याशी याच कलमांवरून बिनसलं आणि २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी त्याला कँटरबरीच्या चर्चमध्ये ठार मारलं. त्या हत्येनंतर राजाला दोन कलमं सोडावी लागली. रोमकडची अपिलं खुली झाली आणि पाद्र्यांना गुन्ह्यांच्या बाबतीत सवलत मिळाली. हा राजाचा पराभव होता. पण तो दोन कलमांपुरता होता. बिशपची जागा रिकामी असताना तिचं उत्पन्न राजाकडे जाणं, बिशपच्या निवडीत राजाचा शब्द चालणं, चर्चवरच्या नेमणुकीचे वाद राजाच्या कोर्टात येणं, हे सगळं पुढेही चालू राहिलं.

मजकुराच्या बाजूने बोलणारा माणूस इथे जॉन राजाचं उदाहरण देईल, आणि त्याला ते द्यायचा हक्क आहे. पोपने निवडलेल्या स्टीफन लँगटनला कँटरबरीचा आर्चबिशप मानायला जॉनने नकार दिला. पोप तिसऱ्या इनोसंटने १२०८ पासून सबंध इंग्लंडमधली धर्मकृत्यं थांबवली, १२०९ मध्ये राजाला बहिष्कृत केलं, आणि १२१३ च्या मे महिन्यात जॉनने आपलं राज्य पोपच्या स्वाधीन करून ते मांडलिक म्हणून परत घेतलं. वर्षाला १००० मार्कांची खंडणी ठरली. पोपची सत्ता इंग्लंडवर इतकी उंच आधी कधी गेली नव्हती, नंतरही गेली नाही. पण खंडणी नियमाने जात नव्हती, १३३३ नंतर ती थांबलीच. पोप पाचव्या अर्बनने थकबाकी मागितली, तेव्हा १३६६ च्या पार्लमेंटने उत्तर दिलं की सरदारांच्या संमतीशिवाय राज्य असं देऊन टाकण्याचा जॉनला अधिकारच नव्हता. हेन्रीच्या लग्नाला तेव्हा दीडशे वर्षांहून अधिक अवकाश होता.

असे राजे इंग्लंडबाहेरही होते. फ्रान्सच्या राजाने १४३८ मध्ये बूर्झ इथे फर्मान काढून पोपच्या नेमणुकांना आणि वसुलीला लगाम घातला. आपल्याकडचं उदाहरण तर गोव्याचं. गोव्याचा आर्चबिशप कोण असावा हे पोर्तुगालचा राजा सुचवी, आणि वसईपासून कोचीनपर्यंतच्या चर्चवर हा राजाश्रयाचा हक्क, पाद्रुआदो, चाले. फरक एवढाच की पोर्तुगालला तो हक्क पोपने स्वतःहून दिला होता. पुढे रोमला तो जड झाला आणि रोमने थेट पाठवलेले धर्माधिकारी व पाद्रुआदोचे पाद्री यांच्यात मुंबईत पिढ्यान् पिढ्या भांडण चाललं. १७२० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईबाहेर काढलं आणि रोमच्या माणसांना जागा दिली. एक प्रॉटेस्टंट कंपनी पोपच्या बाजूने, आणि एक कॅथलिक राजा पोपच्या विरुद्ध! श्रद्धा आणि नेमणुकीचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. फिरणारा मजकूर त्या एकत्र करतो, तिथेच तो फसतो.

‘राजाचा कायदा त्यांना लागूच नव्हता’

बेकेटनंतर पाद्र्यांना मिळालेली सवलत मोठी होती हे खरं. गंभीर गुन्ह्यात पकडलेला पाद्री आपण धर्मसेवक असल्याचं सिद्ध करून बिशपच्या ताब्यात जाऊ शके आणि फाशी टाळू शके. सिद्ध करायची रीत म्हणजे लॅटिन वाचून दाखवणं. हळूहळू लिहिता-वाचता येणारे साधे लोकही ती सवलत घेऊ लागले. मग सातव्या हेन्रीच्या राज्यात, १४८९ साली, कायदा झाला. ज्याला खरोखर दीक्षा नाही अशाने ही सवलत एकदा घेतली की त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मांसल भागावर डाग द्यायचा. खुन्याला एक अक्षर, चोराला दुसरं. पुन्हा पकडला गेला तर अंगठा पाहायचा आणि सवलत नाकारायची. पाद्र्यांची सवलत कुणाला मिळेल आणि कुणाला नाही, हे इथे राजा आणि पार्लमेंट ठरवत आहेत. राजद्रोहाला तर ही सवलत लागू नव्हती. जमिनीचे दावे राजाच्या कोर्टात चालत. उलट चर्चलाच राजाची गरज पडे. बहिष्कृत माणूस चाळीस दिवसांत शरण आला नाही तर बिशप राजाच्या कचेरीकडे अर्ज करी आणि राजाचा अधिकारी त्याला पकडी.

याहून महत्त्वाची बाब चर्चवरच्या नेमणुकांची आहे. ती समजली नाही तर पुढचे कायदे का झाले हेच कळत नाही. गावोगावची बहुतेक चर्चं कुणा जमीनदाराच्या पूर्वजांनी किंवा एखाद्या मठाने उभी केलेली, जमीन लावून दिलेली. त्या बदल्यात तिथे पाद्री कोण असावा हे सुचवण्याचा हक्क त्या घराण्याकडे किंवा मठाकडे असे. इंग्लिश कायद्याने हा हक्क चक्क मालमत्ता मानला. तो वारसाहक्काने जाई, विकता येई, दान करता येई. त्यावरचा वाद राजाच्या कोर्टातच चालेल असं क्लॅरेंडनचं पहिलंच कलम सांगतं. पोपला हे कधीच मान्य नव्हतं, राजाच्या कोर्टांनी ते कधीच सोडलं नाही. पाद्र्याची वृत्ती म्हणजे जमीन, गावचा दशांश आणि दक्षिणा. ती कुणाला मिळते यावर धाकट्या मुलांची सोय, कारकुनांचे पगार, विद्यापीठातून शिकून आलेल्यांची पोटं अवलंबून होती. त्यामुळे या भांडणात राजा एकटा नव्हता. सरदार होते, पार्लमेंटमधलं सामान्यांचं सभागृह होतं, आणि कधी कधी बिशपही होते.

१२५३ मधली एक घटना याची साक्ष देते. पोप चौथ्या इनोसंटने आपल्या पुतण्याला लिंकनच्या चर्चमध्ये वृत्ती द्यायचा हुकूम पाठवला. लिंकनचा बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट हा त्या काळातला मोठा विद्वान, आणि पोप हाच चर्चचा प्रमुख हे मनापासून मानणारा. त्याने उत्तर पाठवलं की मी पुत्राच्या नात्याने, आज्ञाधारकपणेच, ही आज्ञा मानत नाही, तिला विरोध करतो. ज्याला गावकऱ्यांच्या आत्म्यांची काळजी घ्यायची आहे त्याच्या जागी असा माणूस बसवणं हे पोपच्या पदाला शोभणारं नाही, असं त्याचं म्हणणं. मला हे पत्र या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धीट पत्र वाटतं. त्यात रोमशी फारकत घ्यायचा विचारही नाही.

चौदाव्या शतकातले कायदे

मजकुरात या कायद्यांचा उल्लेखच नाही, आणि तीच त्याची मोठी चूक आहे.

१३०९ पासून पोप रोम सोडून अ‍ॅव्हिन्यों इथे राहू लागले. या काळातले पोप फ्रेंच, पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी म्हणजे कार्डिनल, तेही बहुसंख्य फ्रेंच. १३३७ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं. त्याच काळात पोपकडून थेट नेमणुका फार वाढल्या. रिकाम्या वृत्तीवर, कधी कधी अजून रिकाम्या न झालेल्या वृत्तीवरही, पोप आपला माणूस लावून देई. इंग्लंडमध्ये न राहणारा कार्डिनल इंग्लंडमधल्या वृत्तीचं उत्पन्न खातो आहे आणि तो पैसा शत्रूच्या मुलखात जातो आहे, ही तक्रार पार्लमेंटमध्ये पुन्हा पुन्हा येऊ लागली.

१३५१ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटने प्रोव्हायझर्सचा, म्हणजे पोपकडून थेट नेमणूक मिळवणाऱ्यांविरुद्धचा, कायदा केला. बिशपांच्या निवडणुका मोकळ्या राहतील, ज्याचा सुचवण्याचा हक्क आहे तोच पाद्री सुचवेल. पोपने मध्ये पडून माणूस नेमला तर त्या खेपेपुरती नेमणूक राजा करील, आणि पोपची नेमणूक घेऊन येणाऱ्याला तुरुंग आणि दंड. यातली खोच बारकाईने पाहा. पोपने हक्क ओलांडला की तो हक्क चर्चकडे परत जात नाही, राजाकडे जातो.

दोन वर्षांनी, १३५३ मध्ये, प्रीम्युनिरीचा कायदा आला. हे नाव आरोपीला बजावल्या जाणाऱ्या हुकुमातल्या लॅटिन शब्दावरून पडलं. राजाच्या कोर्टाच्या अखत्यारीतला खटला कुणी देशाबाहेर नेला, किंवा राजाच्या कोर्टाचा निकाल दुसऱ्या कोर्टात फिरवू पाहिला, तर त्याला दोन महिन्यांची मुदत देऊन हजर राहायला सांगायचं. हजर झाला नाही तर तो राजाच्या संरक्षणाबाहेर. म्हणजे त्याला कुठल्याही कोर्टात दाद मागता येणार नाही, जमीन जप्त, माल जप्त, आणि राजाची मर्जी असेल तोवर कैद. या पहिल्या कायद्यात पोपचं नावही नाही, नुसतं ‘राज्याबाहेर’ असं म्हटलं आहे. १३६५ च्या कायद्यात रोमच्या दरबाराचा स्पष्ट उल्लेख आला. १३९० मध्ये प्रोव्हायझर्सचा कायदा पुन्हा, अधिक कडक शिक्षांसह झाला, आणि पोपच्या अधिकाराला त्याने बाधा येत असेल तेवढ्यापुरता आमचा विरोध नोंदवावा, असं दोन्ही आर्चबिशपांनी पार्लमेंटला कळवलं.

१३९३ चा प्रीम्युनिरी कायदा सर्वांत प्रसिद्ध. राजाच्या कोर्टाचा निकाल अमलात आणणाऱ्या बिशपांना पोप बहिष्कृत करणार, काहींना देशाबाहेरच्या जागी बदलणार, अशा बातम्या होत्या. पार्लमेंटने जाहीर केलं की इंग्लंडचा मुकुट सर्वकाळ मुक्त राहिला आहे, तो पृथ्वीवर कुणाच्याही अधीन नाही, राजसत्तेच्या बाबतींत तो थेट देवाच्याच अधीन आहे. मग बिशपांना विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूला? त्यांचं उत्तर त्या कायद्यातच नोंदवलेलं आहे. पोपला बिशपांना बहिष्कृत करता येत नाही किंवा बदलता येत नाही असं आम्ही म्हणत नाही. मात्र या कारणासाठी त्याने तसं केलं तर ते राजाच्या आणि मुकुटाच्या विरुद्ध ठरेल, आणि आम्ही मुकुटाच्या बाजूने उभे राहू. दोन धन्यांची चाकरी करणाऱ्या माणसांनी शब्द तोलून दिलेलं हे उत्तर आहे. यांना ‘फक्त पोपचं ऐकणारे’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

रोमला हे कायदे किती झोंबले याचाही पुरावा आहे. पोप पाचव्या मार्टिनने त्यांना निंद्य ठरवलं आणि ते रद्द करवून घ्या म्हणून आर्चबिशप हेन्री चिचेलीचा पिच्छा पुरवला. १४२८ च्या सुरुवातीला चिचेली सामान्यांच्या सभागृहासमोर गेला आणि डोळ्यांत पाणी आणून विनवणी केली. सभागृह हललं नाही.

आता उलट टोकाला जाऊन ‘इंग्लंड १३५१ मध्येच पोपपासून सुटलं’ असंही कुणी लिहू नये. राजे हे कायदे रोज वापरत नव्हते. सोयीने परवाने देत होते. व्यवहार असा बसला होता की बिशपच्या जागेसाठी राजा नाव सुचवी, पोप त्याच माणसाची नेमणूक करी, आणि नव्या बिशपला आपल्या जमिनी ताब्यात घेण्यापूर्वी पोपच्या पत्रातल्या मुकुटाला बाधक शब्दांचा त्याग करावा लागे. दोघांचंही भागत होतं. पंधराव्या शतकभर इंग्लंडचे बिशप पोपच्याच पत्राने नेमले गेले. कायदा तेवढा वर टांगलेला राही, आणि गरज पडली की खाली येई. १४३१ मध्ये कार्डिनल हेन्री बोफर्ट या राजघराण्यातल्याच बिशपविरुद्ध प्रीम्युनिरीचे कागद तयार झाले होते. १४३२ मध्ये पार्लमेंटने त्याला संरक्षण दिलं म्हणून तो सुटला.

‘एका फटक्यात’

आठव्या हेन्रीकडे येताना दोन घटना पाहाव्या लागतात, आणि दोन्ही त्याच्या लग्नाचा प्रश्न उठण्याच्या सुमारे एक तप आधीच्या आहेत.

लंडनचा व्यापारी रिचर्ड हन याचं तान्हं बाळ १५११ मध्ये वारलं. पाद्र्याने अंत्यविधीची दक्षिणा म्हणून बाळाचं नामकरणाचं वस्त्र मागितलं. हनने ते दिलं नाही. पाद्री चर्चच्या कोर्टात गेला. मग हनने राजाच्या कोर्टात त्याच्यावर प्रीम्युनिरीचा दावा लावला. लंडनमधलं चर्चचं कोर्ट रोममध्ये नव्हतं, पण १३९३ च्या कायद्यात ‘रोमच्या दरबारात किंवा अन्यत्र’ असे शब्द होते, आणि या ‘अन्यत्र’मध्ये इंग्लंडमधली चर्चची कोर्टंही बसतात, असा अर्थ वकील लावू लागले होते. हनवर पाखंडाचा आरोप ठेवून त्याला बिशपच्या कैदेत टाकलं गेलं. डिसेंबर १५१४ मध्ये तो कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. तपासणीच्या पंचांनी हा खून असल्याचं म्हटलं आणि लंडन खवळलं.

दुसरी घटना १५१५ ची. पाद्र्यांच्या सवलतीवरून हेन्री स्टँडिश या धर्मशास्त्र्याचा आणि धर्मसभेचा वाद राजापुढे आला. तिथे आठव्या हेन्रीने सांगितलं की इंग्लंडच्या राजांवर देवाखेरीज कुणीही वरिष्ठ कधी नव्हता. हा राजा तेव्हा कॅथरीनचा नवरा होता आणि सहा वर्षांनी पोपकडून ‘धर्मरक्षक’ ही पदवी घेणार होता. १३९३ च्या कायद्यातला विचारच तो बोलत होता.

ऑक्टोबर १५२९ मध्ये राजाचा प्रमुख मंत्री कार्डिनल वुल्झी याच्यावर प्रीम्युनिरीचा आरोप आला. पोपचा प्रतिनिधी म्हणून इंग्लंडमध्ये अधिकार चालवला, हा त्याचा गुन्हा. ते पद त्याला मिळावं म्हणून खुद्द राजानेच रोमकडे जोर लावला होता. वुल्झीने गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी तो वारला. त्यानंतर हेच हत्यार सगळ्या पाद्रीवर्गावर रोखलं गेलं. आरोप शेवटी इथवर आला की चर्चची कोर्टं चालवणं हाच अपराध. कँटरबरीच्या धर्मसभेने माफीसाठी १,००,००० पौंड द्यायचं मान्य केलं, यॉर्कच्या सभेने १८,००० हून अधिक.

हेन्रीला पैशांबरोबर एक वाक्यही हवं होतं, की राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा एकमेव संरक्षक आणि सर्वोच्च प्रमुख. सभा अडून बसली. मग एक पुस्ती जोडली गेली, ‘ख्रिस्ताचा नियम परवानगी देतो तिथवर’. फेब्रुवारी १५३१ मध्ये म्हाताऱ्या आर्चबिशप वॉरमने हा मसुदा सभेपुढे ठेवला. कुणी बोललं नाही. तो म्हणाला, गप्प बसतो तो संमती देतो असं मानतात. सभेतून कुणीतरी उत्तर दिलं, तर मग आम्ही सगळे गप्प आहोत. तेवढ्यावर ठराव संमत झाला. ज्या वर्गाविषयी मजकूर म्हणतो की राजाचा कायदा त्याला लागूच नव्हता, तो वर्ग राजाच्या एका जुन्या कायद्यापुढे असा गप्प बसला होता.

पुढचे टप्पेही पायरीपायरीने आले. १५३२ मध्ये बिशपांच्या पहिल्या वर्षाचं उत्पन्न रोमला पाठवण्यावर बंदी आली, तीही सशर्त, ती केव्हा लागू करायची हे राजाच्या हातात. या धाकाखाली क्लेमेंटने थॉमस क्रॅनमरच्या नेमणुकीची पत्रं पाठवली. हेन्रीचं लग्न रद्द ठरवणारा आर्चबिशप स्वतः पोपच्या पत्रावर गादीवर बसला होता! १५३३ मध्ये रोमकडची अपिलं बंद करणारा कायदा झाला. त्याची प्रस्तावना पहिला एडवर्ड, तिसरा एडवर्ड, दुसरा रिचर्ड, चौथा हेन्री या राजांच्या कायद्यांची नावानिशी आठवण देते आणि आपण तोच वारसा चालवत असल्याचं सांगते. नोव्हेंबर १५३४ मध्ये राजाला चर्चचा प्रमुख ठरवणारा कायदा आला, आणि त्यात ‘ख्रिस्ताचा नियम’वाली पुस्ती उरली नाही. १५२७ पासून मोजलं तर सात वर्षं.

इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जुन्या कायद्यांनी पोप हा चर्चचा प्रमुख आहे हे कधी नाकारलं नव्हतं. ते फक्त मालमत्ता, नेमणुका आणि खटले यांभोवती कुंपण घालत होते. १५३४ मध्ये कुंपणाच्या आतलं सगळंच राजाचं झालं. हे नवं होतं, आणि राजाचा माजी चॅन्सेलर (सर्वोच्च मंत्री) थॉमस मोर व बिशप जॉन फिशर यांनी १५३५ मध्ये त्यासाठीच मरण पत्करलं. पण ही नवी इमारत ज्या पायावर उभी राहिली, तो पाया घालणारे राजे कॅथलिक होते, त्यांची पार्लमेंटं कॅथलिक होती.

‘स्वतःचा नवा धर्म काढला’

यावर फार लिहायची गरज नाही. १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्याने रोट्या-द्राक्षरसाचं ख्रिस्ताच्या देहरक्तात रूपांतर, पाद्र्यांचं ब्रह्मचर्य, पापांचा खासगी कबुलीजबाब हे सगळं कायम ठेवलं. ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी तीन सुधारकांना पाखंडी म्हणून जाळलं आणि राजाचं प्रमुखपद न मानणाऱ्या तीन कॅथलिकांना राजद्रोही म्हणून मारलं. आपल्या आत्म्यासाठी मिसा व्हाव्यात असं हेन्रीने मृत्युपत्रात लिहून ठेवलं. इंग्रजीतली प्रार्थनापोथी आली ती १५४९ मध्ये, त्याच्या मुलाच्या राज्यात.

‘चर्च मुक्त केलं’

मुक्त कुणापासून? १५३२ च्या मे महिन्यात पाद्र्यांच्या सभेने लिहून दिलं की राजाच्या परवानगीशिवाय आम्ही नियम करणार नाही. दुसऱ्याच दिवशी थॉमस मोरने चॅन्सेलरपद सोडलं. १५३४ मध्ये पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाचा कर राजाकडे वळवला, आणि तो बिशपांपुरता न ठेवता सगळ्या वृत्त्यांवर बसवला. शिवाय दरवर्षी उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजाला. पुढच्या वर्षी राजाच्या माणसांनी देशभर फिरून एकेका चर्चचं, एकेका मठाचं उत्पन्न लिहून काढलं. १५४० पर्यंत सगळे मठ बंद झाले, जमिनी मुकुटाकडे आणि तिथून सरदार-जमीनदारांकडे गेल्या. गावचा गरीब पाद्री हा वाढीव कर भरत राहिला. तो पैसा अखेर गरीब पाद्र्यांच्या मदतीला लावायचं ठरलं ते १७०४ मध्ये, अ‍ॅन राणीच्या काळात.

या कायद्यांची मुळं किती खोल होती ते मेरी राणीच्या राज्यात दिसलं. कॅथरीनची ही मुलगी कट्टर कॅथलिक. तिच्या पार्लमेंटने १५५४-५५ मध्ये हेन्रीचे कायदे रद्द करून पोपचा अधिकार परत आणला. पण मठांच्या जमिनी ज्यांच्या हाती गेल्या होत्या, त्यांनी त्या सोडायला नकार दिला, आणि पोपच्या प्रतिनिधीला ते मान्य करावं लागलं. म्हणून पोपला परत आणणाऱ्या त्याच कायद्यात एक तरतूद घातली गेली. या जमिनींवरून जमीनमालकांना देशातल्या किंवा देशाबाहेरच्या चर्चच्या कोर्टामार्फत जो कुणी त्रास देईल, त्याला दुसऱ्या रिचर्डच्या १३९३ च्या प्रीम्युनिरी कायद्याची शिक्षा लागू होईल.